वहीतला अभंग आणि गळ्यातली चाल



आज आपल्याला एका अगदी साध्या प्रश्नाचा विचार करायचा आहे. अभंगाची चाल राहते कुठे? शब्द कुठे राहतात हे आपण सांगू शकतो. ते गाथ्यात आहेत, हरिपाठाच्या पुस्तकात आहेत, आता मोबाइलमध्येही आहेत. पण चाल? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे असा प्रश्न पडला की तो सोडवत नाही. मात्र आज तो आपण तत्त्वज्ञानाच्या अंगाने थोडा आणि इतिहासाच्या अंगाने जास्त पाहू. इतिहासात शिरल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही.

सुरुवात आपल्या समोरच्या वस्तूपासून करू. खडकवासला, गोऱ्हे, डोणजे, खानापूर, सांगरूण, या सगळ्या पट्ट्यात गावोगाव भजनी मंडळ आहे किंवा कालपरवापर्यंत होते. आणि भजनी मंडळ म्हटले की वही आलीच. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. जाड पुठ्ठ्याची, बहुधा हिशेबाच्या वहीसारखी लांबट, कडा तेलाने आणि बुक्क्याने काळवंडलेल्या. पहिल्या पानावर श्री. मग मंगलाचरणाचे अभंग, रूपाचे अभंग, काकडा, भूपाळ्या, हरिपाठ, गौळणी, भारुडे, आरत्या आणि शेवटी पसायदान. अक्षर एकाचे नसते. पहिली वीस पाने एका हातची, पुढची दुसऱ्याच्या हातची, मध्येच कुणा शाळकरी पोराच्या गोल अक्षरातली. वही फाटली की नवी करतात, आणि जुनीवरून नवीत उतरवताना काही गाळले जाते, काही भर पडते.

आता या वहीत चाल कशी लिहिलेली असते ते पाहा. अभंगाच्या डोक्यावर एक ओळ असते, ‘चाल’, आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या अभंगाचे किंवा पदाचे सुरुवातीचे दोन शब्द. बस्स. कुठे कुठे पट्टी लिहिलेली असते, काळी एक, काळी दोन, पांढरी चार. ध्रुपद कुठले, ते ‘ध्रु’ या अक्षराने दाखवलेले असते. याहून अधिक काही नाही. म्हणजे वही चाल सांगत नाही, चालीचा पत्ता सांगते. ‘त्या गाण्याकडे जा, चाल तिथे मिळेल.’ त्या गाण्याकडे गेलो तर तेही कदाचित तिसऱ्या गाण्याकडे बोट दाखवते. असे दारोदार फिरत फिरत आपण शेवटी पोचतो ते एका माणसापाशी, ज्याला ती चाल येते. तो माणूस असेल तर वही बोलते. नसेल तर वहीत शब्द शाबूत असूनही ती मुकी होते. आजच्या सगळ्या बोलण्याचे मूळ इथे आहे.

पण मुळात एका अभंगाला दुसऱ्याची चाल लागते कशी? याचे उत्तर छंदात आहे. अभंगाचे दोन मुख्य प्रकार आपल्याला ठाऊक आहेत. मोठ्या अभंगात चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. लहान अभंगात दोन चरण, साधारण आठ-आठ अक्षरांचे. माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’त या छंदांचा शास्त्रशुद्ध विचार केला, पण गावातल्या टाळकऱ्याला तो कानानेच माहीत असतो. सहा-सहा-सहा-चारच्या साच्यातला कुठलाही अभंग त्या साच्याच्या कुठल्याही चालीत बसतो. तुकोबांचे साडेचार हजारांवर अभंग गाथ्यात आहेत, त्यांना साडेचार हजार चाली लागत नाहीत. मंडळाला पन्नास-साठ चाली पक्क्या येत असल्या, तरी सगळा गाथा त्यांना गाता येतो. चाल आणि शब्द यांचे लग्न लागलेले नसते, सोयरीक असते. आज इथे, उद्या तिथे.

आता थोडे लांब जाऊ. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मसुधारणा झाली आणि चर्चमधली लॅटिन गाणी मागे पडली. सामान्य लोकांनी आपल्या भाषेत गावे म्हणून बायबलातली स्तोत्रे इंग्रजी पद्यात बसवली गेली. स्टर्नहोल्ड आणि हॉपकिन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा पूर्ण स्तोत्रसंग्रह १५६२ साली छापला गेला. पुढे १६९६ मध्ये टेट आणि ब्रेडी यांचा नवा संग्रह आला. या स्तोत्रांचा सगळ्यांत चालता छंद होता आठ-सहा-आठ-सहा अवयवांचा. आपल्या अभंगाशी ताडून पाहा. तिथेही नियम तोच. या छंदातले कुठलेही स्तोत्र त्या छंदाच्या कुठल्याही चालीवर म्हणता येई. त्यामुळे चालींना स्वतःची नावे पडली, पुष्कळदा गावांची नावे. शब्द वेगळे, चाल वेगळी, आणि त्या दिवशी कोणाचे जुळवायचे ते गाणाऱ्यांनी ठरवायचे.

पुष्कळांना वाचता येत नसे. मग चर्चचा कारकून एक ओळ मोठ्याने म्हणे आणि लोक ती ओळ गात, पुन्हा पुढची ओळ. आपल्याकडे चाल लावणारा चरण म्हणतो आणि मागे टाळकरी ध्रुपद उचलतात, तसेच काहीसे. अठराव्या शतकात खेड्यापाड्यांत हौशी गायक-वादकांचे ताफे तयार झाले. चर्चच्या पश्चिम टोकाला लाकडी सज्जा बांधलेला असे, त्या सज्जात हे लोक बसत. व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, चेलो, बसून. वाजवणारे कोण? गवंडी, सुतार, चांभार, शेतमजूर. आपल्या भजनी मंडळाची यादी वाचतोय असेच वाटेल.

आणि या लोकांकडेही वह्या होत्या. पण एक मोठा फरक होता. त्यांना पाश्चात्त्य पद्धतीने पाच रेषांवर सूर लिहिता येत होते. आठवडाभर गवंडीकाम करणारा माणूस रात्री दिव्याशेजारी बसून आपल्या वहीत चाल उतरवून घेई, सूर आणि सूर. शेजारच्या गावातली एखादी चाल आवडली तर ती नकलून आणी. एकाच चालीची दहा गावांत दहा रूपे होत. टॉमस हार्डी हा मोठा कादंबरीकार अशाच घरातला. त्याचे आजोबा, वडील आणि चुलते डॉर्सेट परगण्यातल्या स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये वाजवीत. त्या घरातल्या हाताने लिहिलेल्या वह्या आजही डॉर्चेस्टरच्या संग्रहालयात जपलेल्या आहेत. हार्डीला कळू लागण्याआधीच तो ताफा मोडला होता. १८७२ च्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीत त्याने तेच सांगितले आहे. गावात नवा पाद्री येतो, जुना ताफा बाजूला होतो आणि त्याच्या जागी शाळेच्या शिक्षिकेने वाजवायचे ऑर्गन येते.

हे एका गावापुरते नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सगळीकडे हेच घडत गेले. चर्चमधल्या नव्या विचाराच्या मंडळींना हे गावठी वादन असंस्कृत वाटू लागले. सज्जे पाडले गेले. ताफ्याच्या जागी हार्मोनियम किंवा ऑर्गन आला. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबां याने १८४२ साली घेतले. स्वस्त वाद्य, एका माणसाचे काम, आणि तो माणूस पाद्रीबुवांच्या शब्दाबाहेर जाणारा नाही. मग १८६१ मध्ये ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हा संग्रह निघाला. त्याचे वैशिष्ट्य असे की शब्द आणि सूर एकाच पानावर छापले होते. अमक्या गीताची अमकीच चाल. म्हणजे सोयरीक संपली, लग्न लागले. हा संग्रह प्रचंड खपला. मग वहीची गरजच उरली नाही. वह्या पेटाऱ्यांत गेल्या, माळ्यावर गेल्या, काही चुलीत गेल्या.

मंडळी, आता एक माणूस मध्ये आणू, कारण हा माणूस या दोन टोकांना जोडतो. इंग्लंडच्या विल्टशायर या ग्रामीण परगण्यात १५४९ च्या सुमारास एक मुलगा जन्मला. स्टर्नहोल्डची पद्यस्तोत्रे नुकतीच छापून येत होती, तो हा काळ. हा मुलगा मात्र कॅथलिक झाला, जेझुइट पंथात गेला आणि १५७९ मध्ये गोव्याला आला. त्याचे नाव टॉमस स्टीफन्स. आपण त्याला फादर स्टीफन्स म्हणून ओळखतो. त्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. पुढे त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

फादर स्टीफन्सला छंद निवडायचा होता तेव्हा त्याने इंग्लंडचा निवडला नाही, ज्ञानोबांच्या घरचा ओवीछंद घेतला. का? कारण ओवी निवडली की चाल आपोआप मिळते. नवख्रिस्ती लोकांच्या कानात ओवीचा सूर होताच. पुस्तकात सूर छापावा लागला नाही. लोकांनी चर्चमध्ये आणि घरी ते पुराण गाऊन म्हटले. पुढे पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर निर्बंध आणले. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते नकलून जपले, आणि १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. छापील नष्ट झाले आणि हाताचे राहिले. कारण हाताची वही ज्यांच्या घरी होती, त्यांना ती वापरायची होती.

आता आपल्या देहूकडे येऊ. परंपरा सांगते की तुकोबांच्या कीर्तनात चौदा टाळकरी असत, आणि संताजी जगनाडे व गंगाजीपंत मवाळ हे त्यांचे अभंग लिहून घेत. संताजी तेली समाजातले, गंगाजीपंत ब्राह्मण. म्हणजे आपल्याकडेही वहीची सुरुवात ताफ्यातल्या माणसांपासून आहे. संताजींच्या घराण्यात चालत आलेल्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९ च्या सुमारास तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ म्हणून प्रसिद्ध केला. त्याआधी १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या चोवीस हजार रुपयांच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली गाथ्याचा पहिला खंड निघाला होता. देहू, तळेगाव, पंढरपूर अशा ठिकाणच्या वह्या मिळवून तो सिद्ध केला.

इथे थांबून एक विचारू. तिकडे १८६१ ला छापील संग्रह आला आणि हाताच्या वह्या मेल्या. इकडे आठच वर्षांनी छापील गाथा आला आणि वह्या मेल्या नाहीत. उलट गाथा स्वस्त होत गेला तसतशा गावोगाव वह्या वाढल्या. असे का?

आमच्या मते कारण असे आहे. तिकडे छापील पानावर शब्द आणि चाल एकत्र आले, आणि त्यांच्या मागे पाद्रीचा अधिकार व ऑर्गनचा आवाज उभा होता. इकडे छापखान्याने फक्त शब्द छापले. चालीवर छापखान्याची सत्ता कधी आलीच नाही. ती फडाकडे राहिली, दिंडीकडे राहिली, गावच्या मंडळाकडे राहिली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली, दिंड्यांचे क्रम आणि भजनाचे क्रम बसवले. पण त्यांनी काय गायचे आणि केव्हा गायचे ते ठरवले. सूर दिंडीतून दिंडीत ऐकूनच गेला. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हाही मुले शेजारी बसून, टाळ हातात घेऊनच शिकत होती. कागदावर सूर लिहायची विद्या तोवर आपल्याकडे नव्हती असे समजू नका. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्यांची आणि भातखंड्यांची स्वरलेखनपद्धती प्रचारात होती. पण ती शहरातल्या संगीत विद्यालयांत राहिली. देवळाच्या सभामंडपात ती फारशी पोचली नाही, कारण तिथे तिची कुणाला निकड वाटली नाही.

तेव्हा एक गंमत लक्षात घ्या. ज्या हार्मोनियमने इंग्लंडच्या खेड्यातल्या वादकांना सज्जातून खाली उतरवले, तीच पेटी आपल्याकडे आली आणि सभामंडपात जाऊन टाळ-पखवाजाच्या शेजारी बसली. तिने कुणाला उठवले नाही. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि नाटकातल्या पदांचे वेड महाराष्ट्राला लागले. नाटकाची पुस्तके उघडून पाहा, पदाच्या डोक्यावर तीच ओळ आहे, ‘चाल’, आणि पुढे दुसऱ्या गाण्याचे शब्द. तीच पत्ता सांगण्याची रीत. नाटकातल्या चाली मग भजनात शिरल्या, पुढे सिनेमाच्याही शिरल्या. जुने वारकरी यावर नाराज होत. पेटीवर तर थेट सरकारी नभोवाणीनेच १९४० मध्ये बंदी घातली आणि ती सत्तरीच्या दशकापर्यंत होती. पण गावातल्या मंडळाने नभोवाणीला विचारून पेटी आणली नव्हती, त्यामुळे ती ठेवायला परवानगीही मागितली नाही.

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांची हकीकत तर या दोन्ही गोष्टींच्या मधोमध आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ पासून नगरला. मिशनऱ्यांनी आपली गीते आपल्या चालींसकट आणली, मराठी शब्द त्या परक्या साच्यात बसवले. बसवले म्हणजे कोंबले म्हणा ना. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालीत अडखळत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि त्यांनी हा दोष नेमका ओळखला. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. खेड्यातल्या दलित ख्रिस्ती माणसाला टाळ आणि ओवी परत मिळाली. आज मराठी चर्चमध्ये देशी चालीची गीते आणि विलायती चालीची गीते शेजारी शेजारी गायली जातात. टिळकांनी जे केले ते फादर स्टीफन्सने तीनशे वर्षांपूर्वी केले होते. लोकांच्या कानात जी चाल आहे तिला आधी मान द्यायचा.

मग कुणी म्हणेल, सर, हे सगळे छानच आहे, आपली परंपरा तगून राहिली, मग चिंता कसली? चिंता आहे. आमच्या मते आपले १८६१ साल जरा उशिरा आले. ते छापखान्यातून आले नाही, रेडिओ आणि कॅसेटमधून आले.

विचार करा. राम फाटक, श्रीनिवास खळे अशा श्रेष्ठ संगीतकारांनी अभंगांना चाली दिल्या. भीमसेनजींनी गायल्या, लताबाईंनी गायल्या. त्या चाली इतक्या सुंदर आहेत की त्यांच्याबद्दल तक्रार करणाऱ्याची जीभ झडावी. पण परिणाम काय झाला? इतिहासात पहिल्यांदा अभंगाचे शब्द आणि एक ठरावीक चाल एकाच वस्तूत बंद झाली. कॅसेट स्वस्त झाली तशी ती वस्तू प्रत्येक घरात आली. आता तो अभंग म्हटला की तीच चाल. दुसऱ्या चालीत म्हटला तर ऐकणारा म्हणतो, ‘चुकलं.’ मंडळी, हा ‘चुकलं’ शब्द फार महत्त्वाचा आहे. सोयरीक होती तोवर चुकण्याचा प्रश्नच नव्हता. लग्न लागले म्हणून दुसरी चाल चूक ठरली. १८६१ नंतर इंग्लंडातल्या त्या गवंड्याला त्याची चाल चुकीची आहे असेच सांगितले गेले होते.

आणि इथे आपली परिस्थिती त्यांच्याहून बिकट आहे. त्यांचे ताफे मोडले तरी वह्यांत सूर होते. दीडशे वर्षांनी, १९९० च्या सुमारास, तिथल्या हौशी लोकांनी त्या वह्या उघडल्या, एक संस्था काढली, आणि ते संगीत पुन्हा गायला सुरुवात केली. मेलेले गाणे कागदावरून उठले. आपल्या वह्यांतून ते उठणार नाही. आपल्या वहीत फक्त पत्ता आहे, आणि पत्त्यावरचे घर म्हणजे एक म्हातारा माणूस आहे.

बायकांच्या गाण्याची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण त्यांच्याकडे वहीसुद्धा नव्हती. जात्यावरच्या ओव्या. आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यापासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ऐंशीच्या दशकात हे काम सुरू झाले. त्यांनी एक शहाणपण केले. नुसते शब्द लिहून घेऊन ते थांबले नाहीत, पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने गळेही ध्वनिमुद्रित केले. गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली, पण त्या बायांचा आवाज आज ऐकता येतो, आणि ऐकल्यावर कळते की ओवीची चाल एक नाही, गावागणिक वेगळी आहे. भजनी मंडळांच्या बाबतीत असे पद्धतशीर काम गावपातळीवर व्हायला हवे.

आता या पट्ट्याचा विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत इथे धरण उभे राहिले. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटले, त्या लोंढ्याने हे धरणही भगदाड पडून रिकामे झाले. वरच्या अंगाला पानशेत-वरसगावच्या जलाशयांखाली गावे गेली. गाव उठते तेव्हा देव हलवता येतो, वहीही पिशवीत घालून नेता येते. पण टाळकऱ्यांची रांग नेता येत नाही. एक घर इकडे, दोन घरे तिकडे. आणि चाल एका माणसात पूर्ण नसते हे भजनात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. चाल लावणारा ती सुरू करतो, पण ती कुठे चढवायची, कुठे दुगणीत न्यायची, पखवाजाने कुठे थाप द्यायची, हे समोरासमोरच्या दोन रांगा मिळून जाणतात. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर चाल ही वस्तू नाही, ती एक समाईक सवय आहे. कागदावर तिची खूण राहते, यंत्रात एका दिवसाचा आवाज राहतो, पण ती स्वतः असते ती माणसांच्या मध्ये.

२०२१ मध्ये खडकवासला पुणे महापालिकेत गेले. आता ही पूर असल्यासारखी आपत्ती नाही, पण हळूहळू तेच करते. शेती गेली, मुले शिफ्टमध्ये, संध्याकाळी सातला देवळात यायला मोकळे कोण? सप्ताह होतात, थाटात होतात, मांडव मोठा, लाउडस्पीकर मोठा. पण कीर्तनाला बाहेरचे नामवंत, टाळकरी आणि पखवाजवाला बिदागीचे. गावचे मंडळ पंगत वाढायला. त्यात वाईट काही नाही, चांगले कीर्तन ऐकायला मिळते. मात्र गावची म्हणून जी चाल होती, ती त्या मांडवात कुणी म्हणत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. चाली नेहमीच बदलत आल्या, नाटकातल्या आल्या, सिनेमातल्या आल्या, मग आता जुन्या गेल्या तर रडायचे काय? आम्हाला हा आक्षेप मान्य आहे, अर्धा. चाली बदलाव्यात. पण आजवर बदल झाला तो गाणाऱ्यांनी केला म्हणून. मंडळाने नाटकाची चाल ऐकली, आवडली, आपल्या टाळात बसवली. निवडणारा हात गावाचा होता. आता गाव निवडत नाही, गाव ऐकते. सज्जातला सुतार खाली येऊन बाकावर बसला तेव्हा त्याचे नेमके हेच झाले. चर्चमधले गाणे थांबले नाही, कदाचित ते आधीपेक्षा सुरेलही झाले. फक्त ते त्याचे राहिले नाही.

तेव्हा करायचे काय, ते सांगतो आणि थांबतो. पहिली गोष्ट, वह्यांचे फोटो काढा. पहिल्या पानापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत, डाग आणि खाडाखोडीसकट, कारण कुणी काय खोडले हाही इतिहासच आहे. दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा निकडीची. वहीतल्या प्रत्येक ‘चाल’ या शब्दापुढे एक आवाज जोडा. गावातल्या सगळ्यांत जुन्या टाळकऱ्याला बसवा, शक्यतो एकट्याला नाही, दोघा-तिघांना मिळून, समोर टाळ-पखवाज घेऊन. पान उलटत जा आणि विचारा, ही कशी म्हणायचा? मोबाइलवर होते हे, त्याला अनुदान लागत नाही. तारीख, गाव, म्हणणाऱ्याचे नाव त्याच्याच परवानगीने सांगून ठेवा. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी, एकादशीला का होईना, स्पीकर बंद ठेवून गावच्या चालीत पाच अभंग म्हणा. दहा माणसे पुरतात.

तिसरे झाले नाही तर पहिली दोन संग्रहालयाच्या कामाची आहेत, आणि तीही करावीतच. इंग्लंडातल्या त्या वह्यांनी दीडशे वर्षे वाट पाहिली, त्यांना ते जमले, कारण सूर कागदावर होते. आपल्या वह्यांना तेवढी सवड नाही. त्या ज्यांच्या गळ्याकडे बोट दाखवतात त्यांचे वय पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात आहे. आमचेच वय पाहून तुम्हाला अंदाज येईल.

आता प्रश्न असतील तर घेऊ. आणि कुणाच्या घरी अशी वही असेल तर व्याख्यान संपल्यावर जरूर भेटा, फक्त वही आणताना ती वाचणाऱ्या आजोबांनाही बरोबर आणा.